खुर्चीतून कळणारे विमान : सिम्युलेटरच्या आसनाला घरगुती कंपनाची जोड

संगणकावर विमान उडविण्याचा छंद आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. बऱ्यापैकी क्षमतेचा संगणक, एक जॉयस्टिक आणि कानांवर चढविण्याचा हेडफोन एवढ्या सामग्रीवर दोन खोल्यांच्या घरातही सेस्ना विमानाचा कॉकपिट उभा राहतो. पडद्यावरची धावपट्टी डोळ्यांना खरी वाटते, इंजिनाचा आवाज कानांना खरा वाटतो. खोटी ठरते ती खुर्ची. विमान धावपट्टीवर ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावत असते आणि वैमानिक मात्र स्वस्थ बसलेला असतो. हा विसंवाद दूर करण्यासाठी अनेक छंदिष्ट आता खुर्चीलाच कंपन देण्याची व्यवस्था घरच्या घरी करू लागले आहेत. ही व्यवस्था कशी चालते, तिला काय लागते आणि मुख्य म्हणजे तिच्याकडून काय अपेक्षित ठेवावे, याची ही ओळख.

घोडेस्वारीत ज्याला 'मांड' म्हणतात, तिचे महत्त्व जाणकारांना सांगावे लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोड्याची चाल डोळ्यांनी दिसते हे खरे. पण स्वाराला ती कळते मांडीखालून. वैमानिकाचेही काहीसे तसेच आहे. इंजिन नीट चालले आहे की नाही, चाके जमिनीला टेकली की नाही, पंखांवरचा वारा विस्कटू लागला आहे की काय, हे त्याला उपकरणांच्या बरोबरीने आसनातून कळत असते. म्हणूनच खुर्ची किती जोरात हलते याला फारसे महत्त्व नाही. ती नेमके काय सांगते आणि कोणत्या वेळी गप्प बसते, यावर तिची किंमत ठरते.

भात्यांपासून सुरुवात

जमिनीवर बसून उड्डाण शिकविण्याच्या यंत्राचा इतिहास एका वाद्यांच्या कारखान्यात सुरू होतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनविण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांतील हवेचे भाते वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये एक छोटा कॉकपिट तयार केला. दांडा हलविला की भाते फुगत व आकसत आणि कॉकपिट त्याप्रमाणे कलत असे. आपल्याकडच्या पेटीचा भाता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना सहज समजेल. पुढे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या लाखो वैमानिकांचे प्राथमिक शिक्षण या 'लिंक ट्रेनर'वर झाले.

आज विमान कंपन्यांचे वैमानिक ज्या सिम्युलेटरवर शिकतात, तो सहा यांत्रिक पायांवर उभा असतो आणि सर्व दिशांना कलू शकतो. त्यातील सर्वोच्च दर्जाला 'लेव्हल डी' म्हणतात. या दर्जाच्या सिम्युलेटरमध्ये केवळ कलणे पुरत नाही. विमानाला जाणवणारी वैशिष्ट्यपूर्ण थरथर मोजून ती खऱ्या विमानाच्या नोंदींशी ताडून पाहावी लागते. म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षणातही कंपन ही सजावट मानली जात नाही. तो अभ्यासक्रमाचाच एक भाग आहे.

घरगुती खुर्चीबाबत एक भेद सुरुवातीलाच ध्यानात घ्यावा. खुर्ची कलविणे आणि खुर्ची थरथरविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलविण्यासाठी शक्तिशाली मोटारी, मजबूत सांगाडा आणि मोठा खर्च लागतो. शिवाय चूक झाल्यास माणूस खुर्चीसकट पडू शकतो. थरथरविण्यास मात्र काही हजार रुपयांचे साहित्य, एक सुटी दुपार आणि थोडी चिकाटी पुरते. या लेखात विचार केवळ दुसऱ्या प्रकाराचा केला आहे.

विमान आसनाला काय सांगते?

खुर्चीला कंपन देण्यापूर्वी खऱ्या विमानातले कंपन कोठून येते, हे समजून घ्यावे लागते. प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ चे उदाहरण घेऊ. त्याचे इंजिन चार सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे असते आणि पंखा थेट इंजिनाच्या दांड्यावर बसविलेला असतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. म्हणजे चार सिलिंडर मिळून एका फेरीत दोन ठोके देतात. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० फेरे आणि ८० ठोके होतात. म्हणजेच कंपनाची वारंवारता ८० हर्ट्झ. इंजिन मंद करून ७०० फेऱ्यांवर आणले की हीच वारंवारता सुमारे २३ हर्ट्झवर येते. विमान जमिनीवर मंद इंजिनाने उभे असताना ते 'खडखडते' आणि उड्डाणाच्या वेळी 'गुणगुणते' असे जे वाटते, त्यामागचे गणित हे आहे. शेतातल्या डिझेल इंजिनाचा एखादा ठोका चुकला तर मालकाला ते लांबूनही कळते. त्याच जातीचे हे ज्ञान आहे.

दुसरे कंपन धावपट्टीचे. काँक्रीटच्या धावपट्टीला ठरावीक अंतरावर सांधे असतात. ते पाच मीटरवर आहेत असे धरले आणि विमानाचा वेग ६० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ मीटर असला, तर चाकांखालून सेकंदाला सहा ठोके येतील. वेग निम्मा झाला की ठोकेही निम्मे होतील. डांबरी धावपट्टीवर सांध्यांचे ठोके नसतात. तेथे एकसारखी खरखर जाणवते. चाके जमीन सोडतात त्या क्षणी हे सारे एकाएकी थांबते. उड्डाणाची सर्वांत स्पष्ट खूण ही शांतताच होय. जी खुर्ची सतत थरथरते, तिच्यात हा क्षण कधीच येत नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कंपन म्हणजे स्टॉलपूर्वीची थरथर. पंख आणि समोरून येणारा वारा यांच्यातील कोन मर्यादेपलीकडे वाढला की पंखाच्या पाठीवरून सुरळीत वाहणारी हवा सुटते आणि विमानाला उचलून धरणारे बल घटते. यालाच 'स्टॉल' म्हणतात. सुटलेली ही विस्कळीत हवा मागे शेपटीवर आदळते आणि विमान थरथरू लागते. सेस्ना १७२ मध्ये याच्याही आधी एक सूचना मिळते. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छिद्र असते. कोन वाढला की तेथे हवेचा दाब घटतो, हवा ओढली जाते आणि पेटीच्या स्वरपट्टीसारखी एक पट्टी वाजू लागते. विमानाच्या पुस्तिकेनुसार हा भोंगा स्टॉलच्या वेगाआधी ५ ते १० नॉट वाजतो. म्हणजे क्रम असा : आधी कानाला भोंगा, मग आसनाला थरथर, मग स्टॉल. घरच्या खुर्चीत थरथर भोंग्याच्या आधी येत असेल, तर ती शिकणाऱ्याला उलटा क्रम शिकवीत आहे असे समजावे.

मोटार की शेकर?

कंपन निर्माण करण्याचे दोन सुलभ मार्ग आहेत. पहिला मार्ग मोटारीचा. मोटारीच्या दांड्यावर केंद्रापासून थोडे बाजूला वजन बसविले की ती फिरताना हादरे देते. मोबाइल फोनमधला व्हायब्रेटर याच तत्त्वावर चालतो. धुलाई यंत्रात कपडे एका बाजूला गोळा झाले की ते जागा सोडून नाचू लागते, तेही याच कारणाने. गंमत म्हणजे खऱ्या विमानातही ही युक्ती जाणीवपूर्वक वापरलेली आहे. बोइंग ७३७ किंवा एटीआर ७२ यांसारख्या विमानांत स्टॉल जवळ आला की वैमानिकाच्या हातातला दांडा गदगदा हलू लागतो. त्या यंत्रणेला 'स्टिक शेकर' म्हणतात आणि तिच्या पोटात असते एका बाजूला वजन असलेली विजेची मोटार.

या हादऱ्याचे बल काढणे अवघड नाही. २० ग्रॅम वजन केंद्रापासून एक सेंटिमीटरवर बसविले आणि मोटार मिनिटाला ३,००० फेरे घेत असली, तर सुमारे २० न्यूटनचे, म्हणजे दोन किलो वजनाइतके बल सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत खुर्चीवर येते. फेरे निम्मे केले तर बल एकचतुर्थांशावर येते. मोटारीची मर्यादा येथेच आहे. तिची वारंवारता आणि तिचा जोर एकमेकांशी बांधलेले असतात. मंद पण जोरदार ठोका तिला देता येत नाही. शिवाय वेग घ्यायला आणि थांबायला तिला वेळ लागतो. त्यामुळे स्टॉलची थरथर किंवा चाके टेकल्याचा साधा हादरा यांसाठी ती ठीक; इंजिनाच्या चढत्या-उतरत्या स्वरासाठी अपुरी.

दुसरा मार्ग शेकरचा. ध्वनिवर्धकातून, म्हणजे स्पीकरमधून, कागदी पडदा काढून टाकला आणि त्याऐवजी एक जड वजन हलविले, तर जे होईल ते म्हणजे शेकर. तो हवा हलवीत नाही, ज्यावर बसविला आहे ती वस्तू हलवितो. त्याला 'बेस शेकर' असेही म्हणतात. ॲम्प्लिफायरकडून येणाऱ्या संकेतात जी वारंवारता आणि जो जोर असेल, तोच तो आपल्या मर्यादेत उमटवितो. त्यामुळे २३ हर्ट्झची खडखड आणि ८० हर्ट्झची गुणगुण हे दोन्ही एकाच शेकरमधून मिळू शकते. १५ वॉटच्या छोट्या चकतीपासून ५० वॉट आणि त्यापुढचे शेकर मिळतात. जुन्या स्पीकरचा पडदा कापून, त्याच्या कॉइलवर वजन चिकटवून घरच्या घरी शेकर बनविणारेही आहेत. परंतु कॉइल थोडी जरी तिरकी झाली तरी ती चुंबकाला घासते आणि जळते. खर्च अगदी बेताचा ठेवायचा असेल तरच हा उद्योग करावा.

संकेत कोठून आणायचा?

सर्वांत सोपी पद्धत आवाजाची. संगणकाचा ध्वनिसंकेत ॲम्प्लिफायरला द्यायचा, त्यातील ८० हर्ट्झच्या वरचा भाग गाळून टाकायचा आणि उरलेला शेकरला द्यायचा. नियंत्रण कक्षाशी होणारे रेडिओवरील संभाषण साधारण ३०० हर्ट्झच्या वर असल्याने ते आपोआप गाळले जाते. अर्ध्या तासात होणारे हे काम आहे. मात्र त्यात विमानाची माहिती नसते, फक्त आवाज असतो. ढगांचा गडगडाट आणि स्टॉलची थरथर यांतला फरक या पद्धतीला कळत नाही.

दुसरी पद्धत माहितीची. आजचे बहुतेक सिम्युलेटर उड्डाण चालू असताना इंजिनाचे फेरे, वेग, चाकांवरचा भार, फ्लॅपची स्थिती, स्टॉलची सूचना असे आकडे दुसऱ्या प्रोग्रामला देऊ शकतात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये त्यासाठी 'सिमकनेक्ट' ही व्यवस्था आहे. एक्स-प्लेन हे आकडे नेटवर्कवरून पाठविते. विनामूल्य मिळणारे फ्लाइटगिअर तर ते थेट सीरियल पोर्टवर लिहू शकते. या आकड्यांवरून हवे ते कंपन स्वतंत्रपणे घडविता येते आणि संगणकाला जोडलेल्या दुसऱ्या, स्वस्त यूएसबी साउंड कार्डातून शेकरकडे पाठविता येते. कानांचा आवाज एका वाटेने आणि आसनाचे कंपन दुसऱ्या वाटेने जात असल्याने दोन्ही वेगवेगळे लहानमोठे करता येतात. ज्यांना प्रशिक्षणाच्या दृष्टीने खुर्ची बनवायची आहे, त्यांनी हीच पद्धत निवडावी.

मोटारींसाठी अर्डुइनोसारखा छोटा बोर्ड पुरतो. परंतु बोर्डाच्या पायातून मिळणारा प्रवाह काही मिलीअँपिअरचाच असतो. मोटार त्याला थेट जोडली तर बोर्ड निकामी होतो. मध्ये मॉस्फेट आणि मोटारीच्या दोन टोकांना उलटा डायोड जोडणे अनिवार्य आहे. कोणत्याही पद्धतीत ब्लूटूथ मात्र टाळावे. त्यातून संकेत उशिरा पोहोचतो आणि पडद्यावर चाके टेकल्यानंतर हादरा मागाहून येतो. डोळा आणि आसन यांच्यातील असा विसंवाद कंपन नसण्यापेक्षा वाईट.

खुर्ची आणि जोडणी

चाकांची, फिरणारी कार्यालयीन खुर्ची या कामाला फारशी उपयोगी नाही. तिचा गॅसचा खांब आणि जाड फोम कंपन गिळून टाकतात. भंगारातून आणलेले मोटारगाडीचे आसन उत्तम. मुंबईत कुर्ल्याला आणि लहान गावांत गॅरेजवाल्याकडे ते मिळते. प्लायवूडच्या किंवा लोखंडी चौकोनी पाइपच्या चौकटीवर ते बसवावे. इलेक्ट्रॉनिक सामानासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली आहेतच.

शेकर आसनाच्या खालच्या कडक भागाला घट्ट बसवावा, फोमला नव्हे. दोन शेकर असतील तर एक डाव्या व एक उजव्या मांडीखाली ठेवावा. बाजूने वारा असताना विमान उतरते, तेव्हा एका बाजूचे चाक आधी टेकते. डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल झाली असेल, तर खुर्ची येथेही खोटे सांगेल. दोन्ही शेकरच्या वायरींचे धन व ऋण टोक सारखेच जोडावे. एकाचे उलटे झाले तर एक वर ढकलेल तेव्हा दुसरा खाली ओढेल आणि दोघांचे कंपन परस्परांना खाऊन टाकील. 'एवढा खर्च केला आणि काहीच जाणवत नाही' या तक्रारीचे कारण अनेकदा एवढेच असते.

आठ ओहमचे दोन शेकर समांतर जोडले की एकूण रोध चार ओहम होतो. ॲम्प्लिफायर तेवढ्या भारासाठी योग्य आहे ना, हे पाहून घ्यावे. चौकटीच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे घालावेत. शहरातल्या इमारतीत हे सौजन्य नव्हे, गरज आहे. कारण २३ हर्ट्झची खडखड आपल्याला जेमतेम ऐकू येते, पण स्लॅबमधून ती खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छतापर्यंत पोहोचते.

वीज आणि शरीर यांची काळजी

घरगुती प्रयोगात २३० व्होल्टला हात लावण्याचे कारण नाही. १२ किंवा २४ व्होल्टचा, आवरण असलेला तयार पॉवर सप्लाय घ्यावा, त्यापुढे योग्य फ्यूज घालावा आणि लोखंडी चौकटीला अर्थिंग द्यावे. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी खुर्चीखाली कोंडलेला ॲम्प्लिफायर तापतो. तो मोकळ्या हवेत ठेवावा. मोटारीवरचे वजन डब्यात बंद असलेच पाहिजे. कंपनाने नट सैल होतात, हे कोणताही फिटर सांगेल. म्हणून स्प्रिंग वॉशर किंवा दुहेरी नट वापरावेत आणि महिन्यातून एकदा सर्व नट तपासावेत. ज्याला हात लावल्याक्षणी सारे कंपन थांबेल, असे एक ठळक बटण हाताशी असावे.

शरीराबाबतही बेफिकीर राहता कामा नये. बसलेल्या माणसाचे धड चार ते आठ हर्ट्झच्या उभ्या कंपनाला सर्वाधिक संवेदनशील असते. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात कामगारांच्या संपूर्ण शरीरावरील कंपनासाठी आठ तासांच्या दिवसाला ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही दक्षतेची आणि १.१५ ही कमाल मर्यादा ठरविली आहे. वर वर्णिलेली खुर्ची सामान्यतः सौम्य असते. तरीही कंबरेचे वा मणक्याचे दुखणे असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ती वापरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शेकरमध्ये शक्तिशाली चुंबक असल्याने पेसमेकर असलेल्यांनी त्यापासून दूर राहावे.

मेळ कसा लावायचा?

खुर्ची जोडून झाली की पहिला मोह होतो तो सगळे बटण पूर्ण फिरविण्याचा. तो आवरावा. आधी २० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा स्वर शेकरला द्यावा आणि खुर्चीत माणूस बसलेला असताना ती कोठे अचानक जास्त हलते किंवा कोठे एखादा पत्रा वाजतो, ते टिपावे. प्रत्येक चौकटीची स्वतःची एक आवडती वारंवारता असते. तेवढ्या जागी जोर कमी करावा.

नंतर एका वेळी एकच कंपन चालू करावे. प्रथम इंजिन : दहा मिनिटांच्या सरळ उड्डाणानंतर ते लक्षातही येऊ नये, पण फेरे शंभराने उतरले तर मात्र लगेच जाणवावे, इतपतच ते ठेवावे. मग धावपट्टी : ती इंजिनापेक्षा ठळक असावी आणि चाके उचलताच पूर्ण थांबावी. शेवटी स्टॉल : ती सर्वांत वेगळी असावी, इतर कशाशीही तिची गल्लत होऊ नये. ज्या विमानात स्टिक शेकर नाही, त्यात तो घालू नये. सामान्य सेस्ना १७२ ची चाके उड्डाणात पोटात जात नाहीत. तेव्हा चाके आत गेल्याचा 'धप्प' असा हादराही तिथे नको. प्रत्येक कंपनाला विचारावे, की तू खऱ्या विमानात आहेस का? उत्तर नकारार्थी असेल तर ते काढून टाकावे.

आसन कोठे फसविते?

या छंदाला एक गंभीर बाजू आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. स्टिक शेकर हातात थरथरत असताना कॅप्टनने दांडा पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला होता. त्याच वर्षी १ जून रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिकमध्ये कोसळले आणि त्यातील सर्व २२८ जण मरण पावले. तेही स्टॉल झाले होते, सूचना वाजत होती आणि चालकांना ते उमगले नाही. या घटनांनंतर अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने २०१६ मध्ये नियम बदलून सिम्युलेटरमध्ये पूर्ण स्टॉलचे वास्तव दर्शन आवश्यक केले. थरथर ओळखता येणे ही किती महत्त्वाची गोष्ट आहे, हे यावरून कळावे.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईकडे निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण दगावले. विमान किती कलले आहे हे दाखविणारे कॅप्टनसमोरचे उपकरण उजवीकडेच अडकून राहिले होते. खाली काळा समुद्र, समोर क्षितिज नाही. कॅप्टनने विमान डावीकडे वळवीत नेले आणि ते पार कलंडले. अशा वेळी शरीर साक्ष देत नाही. सावकाश, समतोल वळणात बसलेल्याचे वजन आसनावर सरळच पडते. कानातील तोल सांभाळणारी इंद्रियेही काही वेळाने वळण विसरतात. म्हणूनच ढगात आणि अंधारात प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला पढविले जाते, की शरीरावर विश्वास ठेवू नकोस, सर्व उपकरणे एकमेकांशी ताडून पाहा.

तेव्हा आसन ज्या गोष्टी खरेपणाने सांगते त्या मोजक्याच : इंजिन, जमीन आणि विस्कटलेला वारा. विमान कोणत्या बाजूला कलले आहे, वर चालले आहे की खाली, हे ते सांगू शकत नाही. जी घरगुती खुर्ची वळणाला एक कंपन आणि चढाला दुसरे कंपन देते, ती खेळ म्हणून रंजक असेल. पण शिकणाऱ्याला ती नसलेल्या साक्षीदारावर विसंबायला शिकविते. अशी सवय लागण्यापेक्षा साधी लाकडी खुर्ची बरी.

कोरीटहून धुळ्यापर्यंत

हा विचार छंदापुरता नाही. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या आणि जे. आर. डी. टाटा यांच्यासारखे वैमानिक घडविणाऱ्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने आपले उड्डाण प्रशिक्षण जुहूहून धुळ्याच्या धावपट्टीवर नेले. शिरपूरच्या धावपट्टीवरही प्रशिक्षण संस्था उभी राहिली. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातूनच वेगळा झाला. त्या जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावातून पाहिले तर विमान शिकण्याची जागा आता मुंबईत नाही, शेजारच्या जिल्ह्यात आहे. अंतर कमी झाले. खर्च मात्र लाखो रुपयांच्याच घरात राहिला. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यातला प्रत्येक तास महाग असतो. अशा विद्यार्थ्याने विमानात पहिल्यांदा बसण्यापूर्वी उपकरणांवरची नजर, कामांचा क्रम आणि स्टॉलची ओळख घरी घटवून घेतली, तर महागडा तास वाया जात नाही.

अर्थात घरच्या खुर्चीवरचे तास नागरी विमान वाहतूक महासंचालनालय मोजत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त सिम्युलेटरच लागतो. महाराष्ट्रात घरगुती विमानविद्येची जिद्द नवी नाही. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बनविलेले विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात मुंबईकरांनी पाहिले. त्यानंतर उड्डाण चाचणीच्या परवानगीसाठी त्यांना २०१९ पर्यंत थांबावे लागले. विमान हवेत जायचे तर सरकार त्याची तपासणी करते. खुर्चीची तपासणी मात्र कोणीही करीत नाही. ती खरे सांगते की खोटे, हे पाहण्याची जबाबदारी ती बनविणाऱ्याचीच आहे.

ही जबाबदारी पार पाडण्याचा उपायही सोपा आहे. ज्याने ते विमान उडविले आहे अशा वैमानिकाला खुर्चीत बसवावे, त्याला डोळे मिटायला सांगावे आणि विमान आता काय करीत आहे ते विचारावे. इंजिन मंद झाले, चाके सुटली, स्टॉल जवळ आला, हे त्याने अचूक सांगितले तर खुर्ची जमली. आणि 'विमान डावीकडे वळते आहे का?' या प्रश्नाला त्याने 'ते मला येथे बसून कळणार नाही' असे उत्तर दिले, तर ती चांगलीच जमली असे समजावे.